बाळानं काय केलं होतं?

पाचव्या रात्री सटवाई येते, असं महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा पुजायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा रात्रभर तेवत ठेवायचा. मग ती येते आणि बाळाच्या कपाळी पुढचं आयुष्य लिहून जाते. काही घरांत हे पाचवीला होतं, काही घरांत सहावीला. नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या गावठाणात होतं, तसंच सिडकोच्या सेक्टरांतल्या इमारतींमध्ये सातव्या मजल्यावरही होतं. काही बाळं मात्र त्या रात्री घरी नसतात. ती नवजात अतिदक्षता विभागात असतात. छातीच्या उजव्या बाजूला टाके, नाकातून गेलेली एक बारीक नळी. तिथले डॉक्टर शस्त्रक्रियेनंतरच्या पाचव्या ते सातव्या दिवसाकडे डोळे लावून असतात. तेव्हा एक्स-रेत उठून दिसणारं औषध बाळाच्या अन्ननलिकेत सोडून चित्र काढतात. जोड टिकला की गळतोय, हे त्यात कळतं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर आजी बसलेली असते. तिचा प्रश्न एक्स-रेत मावत नाही. काही दिवसांच्या जिवानं असं काय केलं होतं?

आधी दोष समजून घ्यायला हवा. घशाखाली माणसाला दोन नळ्या असतात. पुढची श्वासनलिका फुप्फुसांकडे जाते, मागची अन्ननलिका पोटाकडे. काही बाळांत अन्ननलिका छातीत मध्येच संपते, तिचा तळ बंद असतो. पोटाकडून वर येणारा तिचा खालचा तुकडा वरच्याला मिळण्याऐवजी श्वासनलिकेला जाऊन चिकटलेला असतो. त्यामुळे गिळलेली लाळ पोटात पोचत नाही, श्वासाची हवा मात्र पोटात भरते आणि पोटातलं आम्ल उलट फुप्फुसांत चढतं. चाळीतल्या पिण्याच्या नळाला मोरीचा पाइप जोडून ठेवावा, तसला हा प्रकार. डॉक्टर त्याला टीईएफ (ट्रॅकिओ-इसोफेजिअल फिस्टुला) म्हणतात. साधारण अडीच ते साडेचार हजार जन्मांमागे एक बाळ असं असतं. म्हणजे महाराष्ट्रात दर वर्षी अशी बाळं शेकड्यांनी जन्मत असणार. या दोषाच्या पाच मुख्य तऱ्हा आहेत आणि वर वर्णन केलेली तऱ्हा सुमारे 85 टक्के बाळांत दिसते. उरलेल्यांपैकी एक तऱ्हा फसवी आहे. तिच्यात दोन्ही नळ्या धड असतात, पण दोघींमध्ये एक बारीक आडवाट असते. असं मूल दूध पिताना खोकत राहतं, पुन्हा पुन्हा न्यूमोनियानं आजारी पडतं आणि खरं कारण कळायला कधी कधी महिने जातात.

ओळखायचं साधन स्वस्त आहे. जन्मल्या जन्मल्या बाळाच्या तोंडातून फेस आणि लाळ सारखी येत असेल, पहिल्या घोटाला ते ठसकून निळं पडत असेल, तर तोंडातून एक जाडसर रबरी नळी आत सारून पाहायची. ती दहा सेंटिमीटरच्या आसपास अडली की शंका पक्की होते. मग एक एक्स-रे. नळी वरच्या बंद पिशवीत वेटोळं घालून बसलेली दिसते आणि पोटात हवा दिसली तर खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला आहे हेही त्याच चित्रात कळतं. त्या क्षणापासून तोंडानं काहीही द्यायचं नाही, डोकं उंच ठेवायचं, वरच्या पिशवीतली लाळ सतत ओढून काढत राहायची आणि बाळाला बालशल्यचिकित्सकाकडे पोचवायचं.

ऐरोलीत असं बाळ जन्मलं, तर खर्चाचा हिशेब मांडणाऱ्या घराची वाट बहुधा खाडीपलीकडे जाते. 1999 मध्ये खुल्या झालेल्या ऐरोली-मुलुंड पुलावरून पूर्व द्रुतगती महामार्ग, तिथून शीव. नाहीतर आणखी पुढे परळला, 1929 पासून लहान मुलांसाठीच चाललेल्या वाडिया रुग्णालयात. या वाटेवर एक योगायोग आहे. ऐरोलीच्या सेक्टर 15 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक आणि ग्रंथालय आहे. शीवच्या महापालिका रुग्णालयाला लोकमान्य टिळकांचं नाव आहे. गरीब कुटुंबाच्या उपचारांचा भार उचलणारी राज्याची जनआरोग्य योजना 2017 पासून महात्मा फुल्यांच्या नावानं चालते. आजी बाकावर बसून जो प्रश्न विचारते, त्यावर या तिघांनीही लिहून ठेवलं आहे. तिघांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत.

आजीच्या प्रश्नाचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात भक्कम बांधलेलं उत्तर कर्मविपाकाचं. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेप स्पष्ट मांडलेला आहे: जगात कुणी सुखी, कुणी दुःखी जन्मतो, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? त्यावर शंकराचार्य म्हणतात, ईश्वर पावसासारखा आहे. पाऊस भातावर आणि जवावर सारखाच पडतो, फरक बियाण्यात असतो. तसा जिवाजिवांतला फरक त्यांच्या आधीच्या कर्मांत असतो. पुढचा आक्षेपही तिथेच येतो: सृष्टीच्या अगदी पहिल्या क्षणी तर कुणाचंच कर्म नव्हतं! उत्तर असं की संसाराला पहिला क्षणच नाही, तो अनादी आहे. तर्क म्हणून ही तटबंदी मजबूत आहे. देव सुटतो, विश्वाचा हिशेब जुळतो. फक्त त्या हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला नाव कुणाचं लिहायचं, तर दोन किलो वजनाच्या बाळाचं.

व्यवहारात मात्र बाळावर कुणी बोट ठेवत नाही. बोट वळतं आईकडे. ग्रहणात काही चिरलं का? सुई हातात घेतली होती का? डोहाळे पुरले नव्हते का? हे बायकांच्या कुजबुजीतलं खूळ आहे असं समजायचं कारण नाही. त्याला ग्रंथाधार आहे. गरोदरपणी डोहाळे अपुरे राहिले तर मूल कुबडं, लंगडं, ठेंगणं जन्मतं, असं सुश्रुतसंहिता सांगते. त्याच सुश्रुतानं रोगांची वर्गवारी करताना मात्र एक काम फार सूक्ष्मपणे केलं आहे. जन्मासोबत येणाऱ्या व्याधींचा एक वर्ग त्यानं केला आणि दैवी प्रकोपाच्या व्याधींचा वर्ग निराळा ठेवला. जन्मजात व्यंग आणि देवाचा कोप यांना त्यानं एका कप्प्यात घातलं नाही. शल्यतंत्राच्या त्या आचार्यानं व्यंगाचं कारण शरीरात शोधलं, ही मोठी गोष्ट. ते शोधताना आईच्या आहारविहारावर थांबला, ही त्याच्या काळाची मर्यादा.

ती मर्यादा आज राहिलेली नाही. गर्भात सुरुवातीला एकच नळी असते. चौथ्या आठवड्यात तिच्या पुढच्या अंगाला एक कोंब फुटतो; तो लांबत जाऊन श्वासनलिका आणि फुप्फुसं बनतो, मागचा भाग अन्ननलिका होतो आणि दोघींमध्ये पडदा उभा राहतो. गर्भ तेव्हा जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा असतो. आईला पाळी चुकल्याची नुकती शंका येत असते. हे विभाजन अर्धवट राहिलं की टीईएफ. डोहाळजेवण होतं सातव्या महिन्यात. म्हणजे हिरवी साडी नेसून, फुलांची वाडी भरून, झोपाळ्यावर बसून ती बर्फी की पेढा ओळखत असते, तेव्हा आतल्या नळ्यांचा निकाल लागून कित्येक महिने लोटलेले असतात. त्यानंतर लागलेल्या ग्रहणात तिनं विळीवर अख्खा भोपळा चिरला असता तरी काही बिघडलं नसतं.

मग त्या चौथ्या आठवड्यात नेमकं काय चुकतं? काही बाळांत विशिष्ट जनुकांचे बिघाड सापडले आहेत. काहींत मणके, गुदद्वार, हृदय, मूत्रपिंड आणि हातापायांचे दोष या दोषाच्या जोडीनं येतात, म्हणून शस्त्रक्रियेआधी हृदयाची सोनोग्राफी होतेच. पण बहुसंख्य बाळांत एकच एक कारण दाखवता येत नाही. इथे जुळ्यांची गोष्ट विचार करायला लावणारी आहे. जुळ्यांमध्ये हा दोष एकेकट्या बाळांपेक्षा जास्त आढळतो, आणि बहुतेक वेळा दोघांपैकी एकालाच असतो. जुळी अगदी एकसारखी असली तरीही. म्हणजे जनुकं तीच, आई तीच, गर्भाशय तेच, डोहाळे तेच, ग्रहणही तेच. एक मूल जन्मून दूध पितं, दुसरं फेस काढतं. आईला जबाबदार धरणाऱ्या कुठल्याही स्पष्टीकरणाला ही जोडी पुरून उरते.

कर्मवादी इथे म्हणेल, जीव दोन होते, कर्मं दोन होती. म्हणू दे. त्याच्यासाठी वेगळा प्रश्न आहे आणि तो इतिहासातून येतो. अन्ननलिका अर्धीच असलेल्या बाळाचं वर्णन इंग्लंडमध्ये विल्यम डर्स्टननं 1670 मध्ये केलं. श्वासनलिकेला जोडलेल्या तुकड्यासकटचं नेमकं वर्णन थॉमस गिब्सननं 1697 मध्ये. 1888 मध्ये लंडनला चार्ल्स स्टील यांनी शस्त्रक्रियेचा प्रयत्न केला, बाळ गेलं. अमेरिकेत 1939 मध्ये मिनेसोटाचे लोगन लेव्हन आणि बॉस्टनचे विल्यम लॅड यांच्या हातून अशी बाळं पहिल्यांदा वाचली, तीही टप्प्याटप्प्यानं केलेल्या शस्त्रक्रियांनी. दोन्ही तुकडे एकाच वेळी थेट जोडून बाळ जगवण्याचं यश 15 मार्च 1941 रोजी मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे कॅमेरॉन हाइट यांना मिळालं. मुलगी 12 दिवसांची होती. म्हणजे 1670 पासून जवळपास पावणेतीनशे वर्षं ज्याचं नाव घेतलं की मरण ठरलेलं, त्या दोषाची बाळं 1941 नंतर शाळेत जाऊ लागली. एकाएकी चांगल्या प्रारब्धाचे जीव जन्म घेऊ लागले काय?

“त्यांच्या नशिबी शल्यचिकित्सक लिहिलेला होता,” असं उत्तर हमखास येतं. ते खोडता येत नाही आणि हीच त्याची पडती बाजू आहे. बाळ गेलं तरी लेख खरा, वाचलं तरी लेख खरा. बाळ वाचवायचं कसं, याबद्दल मात्र त्या लेखात एक अक्षर नाही. हाइटना जे हवं होतं ते कपाळावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

टिळकांनी गीतारहस्यात दहावं प्रकरण याच प्रश्नाला दिलं आहे. त्याचं नाव ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि 1915 मध्ये छापून आलेला हा ग्रंथ पुनर्जन्म मानतो, कर्माचं बंधनही मानतो. पण टिळक तिथे थांबत नाहीत. कर्माच्या साखळीत माणसाला काही करायला मोकळीक उरते की नाही, यासाठी ते त्याच प्रकरणात जोर लावून भांडतात. आपल्याकडे नावातला पहिला शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला आणि दुसरा ग्रंथातच राहिला. फुल्यांनी ही वाटच धरली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त ग्रह, अनुष्ठानं आणि दैव यांवरचा विश्वास त्यांनी प्रश्नोत्तरांतून उसवला.

आंबेडकरांचं उत्तर सगळ्यात टोकदार आहे. 1957 मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी विचारलं आहे की मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ या जन्मी मिळतं, असं बुद्धाचं मत होतं का? ते म्हणतात, नव्हतं. बुद्धाचा कर्मनियम याच जन्मातल्या कृती आणि त्यांच्या परिणामांपुरता आहे, आणि मूल घेऊन येतं ते आईबापांकडून आलेलं. त्याहून महत्त्वाचा त्यांचा दुसरा मुद्दा: गरिबाच्या आणि हीन मानलेल्याच्या अवस्थेला पूर्वजन्मीचं कर्म कारण ठरवलं की समाज आणि सरकार आपल्या जबाबदारीतून मोकळे होतात. बौद्ध परंपरेचे सगळेच अभ्यासक पहिला मुद्दा मान्य करत नाहीत. पण पाली वाङ्मयात त्यांच्या बाजूनं उभा राहील असा एक संवाद नक्की आहे. मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, माणूस जे जे भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही लोक म्हणतात. आपलं काय मत? बुद्ध सांगतात की पित्त, कफ, वात, या तिघांची गडबड, ऋतुबदल, हेळसांड आणि बाहेरून झालेली इजा यांमुळेही वेदना होतात. कर्मविपाकाचा नंबर आठवा आणि शेवटचा. सगळं कर्मावर टाकणारे जे डोळ्यांनी दिसतं त्याच्याही पुढे उडी मारतात, असा त्यांचा आक्षेप आहे.

दुसरी कथा बाणाची. विषारी बाण लागलेला माणूस म्हणतो, बाण मारणारा क्षत्रिय होता की ब्राह्मण, उंच होता की ठेंगणा, धनुष्य कसलं होतं, हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही. नातलगांनी आणलेला शल्यवैद्य शेजारी उभा असतो आणि हा मरून जातो. बुद्धानं ही कथा जगाच्या आदी-अंताच्या प्रश्नांवर सांगितली होती. पण ती ऐरोली-मुलुंड पुलावर अडकलेल्या रुग्णवाहिकेलाही लागू पडते.

आता एवढ्यावर थांबलं तर हा लेख एकतर्फी होईल. हे दोष कुणामुळे घडत नाहीत, ते घडतात, हे मान्य करणं माणसाला फार जड जातं. कुणीतरी लिहिलेला लेख, मग तो वाईट का असेना, निव्वळ योगायोगापेक्षा बरा वाटतो. गंमत म्हणजे योगायोगाला आपल्याच परंपरेत मानाची जागा आहे. श्वेताश्वतर उपनिषदाच्या सुरुवातीला ब्रह्माची चर्चा करणारे ऋषी जगाच्या कारणांची यादी करतात: काळ, स्वभाव, नियती, यदृच्छा, पंचमहाभूतं... यदृच्छा म्हणजे कारण नसताना जे घडलं ते. उपनिषद पुढे वेगळ्या निष्कर्षाला जातं, पण यदृच्छेला विचारात न घेण्याजोगं मानत नाही. आज आजीच्या प्रश्नाला जे प्रामाणिक उत्तर देता येतं, ते बहुतेक वेळा या एका शब्दातच आहे.

त्या उत्तरानं देवाचं काय होतं, हा प्रश्न पश्चिमेतही गाजला. विल्यम पेली या इंग्लिश धर्मोपदेशकानं 1802 मध्ये शरीररचनेवरून ईश्वराची कारागिरी सिद्ध करणारं पुस्तक लिहिलं. घास गिळताना श्वासाच्या वाटेवर पडणारं झाकण त्याला फार आवडलं. शहरातल्या मोठमोठ्या मेजवान्यांत लोक एवढं खातात-पितात आणि तरी शंभर वर्षांत दोन पाहुणेही ठसका लागून मरत नाहीत, याचं त्याला मोठं कौतुक. 1859 मध्ये डार्विननं नेमकी तीच जागा उलट बाजूनं पाहिली. आपला प्रत्येक घास श्वासनलिकेच्या तोंडावरून जातो आणि फुप्फुसांत पडण्याचा धोका पत्करतो, ही विचित्र गोष्ट आहे. फुप्फुसं मुळात माशासारख्या पूर्वजाच्या तरंगण्याच्या हवेच्या पिशवीपासून घडली, हे धरलं की ती समजते, असं त्याचं म्हणणं. फुप्फुसं अन्नमार्गाच्याच अंगातून उगवतात, याचा पुरावा म्हणजे गर्भाच्या चौथ्या आठवड्यातला तो कोंब. कोऱ्या कागदावर आखणाऱ्या कारागिरानं या दोन वाटा एकमेकींना छेदू दिल्या असत्या का, असा प्रश्न पेलीच्या वाचकाला पडायला हवा होता.

भारतीय विचाराला या जागेचं वेगळंच आकर्षण आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात प्रातृद आपल्या वडिलांशी बोलताना दोन मतं खोडतो. अन्न हेच ब्रह्म म्हणावं, तर प्राणाशिवाय अन्न सडतं. प्राण हेच ब्रह्म म्हणावं, तर अन्नाशिवाय प्राण सुकतो. या दोन देवता एकत्र येतात तेव्हा परमपद मिळतं, असं तो सुचवतो. पंगतीत ताटाभोवती पाणी फिरवून पाच छोटे घास पाच प्राणांना देण्याच्या पद्धतीत हीच धारणा आहे, आणि जेवण म्हणजे यज्ञकर्म असं सांगणारा समर्थांचा श्लोक शाळेच्या डब्याआधी म्हणणारी मुलंही तीच गिरवतात. टीईएफच्या बाळात अन्न खरोखरच प्राणाला अर्पण होतं. विधीत जे भावनेनं होतं ते इथे अक्षरशः घडतं आणि न्यूमोनिया होतो. प्रातृदाला हवी असलेली एकी जगण्याच्या पातळीवर साधायची, तर शरीराच्या पातळीवर या दोघांना वेगळं ठेवणारा पडदा धड हवा. शल्यचिकित्सक तोच पडदा हातानं उभा करतात.

शस्त्रक्रिया ती एवढीच आणि एवढी अवघड. बाळाच्या उजव्या बगलेखालून छाती उघडायची, फासळ्यांमधून वाट काढायची, फुप्फुस अलगद बाजूला धरायचं, आडवी येणारी अझायगस शीर बांधून कापायची. मग श्वासनलिकेला चिकटलेला तुकडा शोधून तोडायचा, श्वासनलिकेचं भोक शिवायचं, वरची पिशवी सोडवून खाली ओढायची आणि दोन्ही टोकं केसाएवढ्या बारीक टाक्यांनी जोडायची. भूल देणाऱ्या डॉक्टरचं काम याहून सोपं नसतं, कारण फुंकलेली हवा फुप्फुसांत जायच्या ऐवजी त्या भोकातून पोटात पळते. पुढे जोड अरुंद झाला तर तो वेळोवेळी रुंदावून घ्यावा लागतो. आम्ल वर येण्याचा त्रास आणि खणखणीत, धातूवर आपटल्यासारखा खोकला कित्येक वर्षं साथ करतो.

दोन्ही टोकांमधलं अंतर फार असेल तर ती जोडताच येत नाहीत. मग वरचं टोक मानेवर उघडतात आणि पोटात एक नळी बसवतात. आईचं दूध पोटातल्या नळीतून जातं. त्याच वेळी बाळाला तोंडानंही थोडं पाजतात आणि ते मानेवरच्या भोकातून फडक्यावर वाहून जातं. पाहणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो. पण न पाजता वाढवलेलं मूल पुढे गिळायलाच विसरतं. चव, चोखणं आणि पोट भरणं यांची गाठ त्याच्या मनात बसत नाही. नंतर जठर वर ओढून किंवा आतड्याचा तुकडा घालून नवी अन्ननलिका करतात, तोवर महिनोन्‌महिने हे चालतं. जेवण म्हणजे नुसतं पोट भरणं नाही, हे त्या फडक्यानं कुठल्याही कीर्तनापेक्षा ठामपणे सांगितलं आहे.

शीवच्या रुग्णालयाची इथे आठवण काढायलाच हवी. तिथल्या अधिष्ठाता आणि पुढे 1995 ते 2000 मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या डॉ. स्नेहलता देशमुख या बालशल्यचिकित्सक होत्या. 2024 मध्ये त्या गेल्या. तिथेच 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. स्वतःच्या तोंडानं दूध पिऊ न शकणाऱ्या बाळासाठी अनोळखी बाईचं दूध साठवून ठेवणारी ती खोली कर्मसिद्धांताच्या कुठल्या कलमात बसवायची, हे शास्त्र्यांनी ठरवावं.

बाळ वाचेल की नाही, हे कशावरून ठरतं? लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाचे लुईस स्पिट्झ यांनी 1994 मध्ये आपल्या रुग्णांची मांडणी दोन गोष्टींवर केली: जन्मवजन दीड किलोच्या वर आहे का, आणि हृदयाचा मोठा दोष आहे का. वजन ठीक आणि हृदय धड अशा गटातली 97 टक्के बाळं जगली होती. दोन्हींपैकी एक अडचण असलेली 59 टक्के. दोन्ही असलेली 22 टक्के. आपल्याकडे या दोन गोष्टींत आणखी काही मिळतात. बाळ किती तासांनी पोचलं, वाटेत ते गार पडलं का, कुणी दूध पाजून फुप्फुसं भरली का, व्हेंटिलेटर मोकळा होता का, जंतुसंसर्ग झाला का. यांतली एकही गोष्ट सटवाईच्या हातात नाही. आंबेडकरांचा आक्षेप इथे पुस्तकातून उतरून रुग्णालयाच्या पायरीवर येतो. उशिरा पोचलेलं बाळ गेलं आणि सगळे “प्रारब्ध” म्हणाले, तर उशीर का झाला हे कुणीच विचारत नाही.

तरीही प्रारब्धाला सरसकट हद्दपार करण्याची घाई नको. बाळ हातचं गेलेली आई कधी कधी एवढंच म्हणते, तेवढाच ऋणानुबंध होता. त्या वाक्यात कुणावर आरोप नसतो. तिनं स्वतःसाठी घातलेला तो बांध असतो आणि त्यावर युक्तिवाद करायला जाणारा बुद्धिवादी अडाणीच म्हणायचा. नवस बोललेला बाप आणि देव्हाऱ्याला हात जोडून ऑपरेशनला जाणारे डॉक्टर यांच्याबद्दलही हेच. खटकतं ते दुसऱ्यानं सुनावलेलं प्रारब्ध. सासूनं सुनेला, शेजारणीनं बाळंतिणीला, व्यवस्थेनं गरिबाला. सिद्धांत तोच असला तरी तो कोण कुणाला सांगतंय, यावर त्याचा धर्म-अधर्म ठरतो, असं या लेखाचं मत आहे. आणि पुढच्या गरोदरपणाची भीती दाखवणाऱ्यांसाठी: एका मुलात असा एकटा दोष असला, तर पुढच्या भावंडात तो येण्याची शक्यता साधारण एक टक्का असते.

घरात बाळंतपण जवळ आलं असेल तर एवढं करा. बाळाला मध चाटवू नका, गुटीही देऊ नका. त्याच्या तोंडाला पुन्हा पुन्हा फेस येत असेल तर दूध न पाजता आधी परिचारिकेला सांगा आणि नळी घालून पाहायला लावा. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत गर्भजल फार वाढलेलं आणि बाळाचं जठर दिसत नसल्याचं सांगितलं असेल, तर बालशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच नाव घाला. आणि बाळंतिणीला ग्रहणाबद्दल काहीही विचारू नका.